स्वभावाला औषध नाही, उपचार आहे

मृग लागायच्या आत बाग उतरवायची, पेट्या भरायच्या, रात्रीच्या गाडीने वाशीला धाडायच्या. देवगडात एप्रिल-मे म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. अशाच एका रात्री गाडीबरोबर गेलेला नवरा फोन उचलत नाही. (जोडपं कल्पित आहे, भांडण ओळखीचं वाटेल.) घरी बायको तासाभरात सव्वीस वेळा फोन लावते आणि शेवटी मेसेज टाकते, ‘मी विहिरीवर चाललेय.’ तो घाबरून फोन करतो, मग चिडतो, आणि घरी आल्यावर चार दिवस अबोला धरतो. त्या अबोल्याने ती अधिकच पेटते. शेजारीण म्हणते, ‘तिचो स्वभावच तसो, काय करतलंस?’

कोकणाला तऱ्हेवाईक माणसांचं वावडं कधीच नव्हतं. हातभर बांधासाठी जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे, सख्ख्या भावाशी न बोलता एकाच पडवीत सुपारी कातरणारे आपण पाहिलेत. खवटपणा म्हणजे आजार नव्हे. वागण्याची ठेवण तरुणपणापासून घट्ट बसलेली असेल, ती घरी, कामावर, मित्रांत सगळीकडे आडवी येत असेल आणि वर्षानुवर्षं कुणाला तरी पोळत असेल, तरच तज्ज्ञ ‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणतात. अमेरिकी वर्गीकरणात त्याचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने त्यातली बहुतेक नावं बाजूला ठेवून आधी एकच प्रश्न विचारला : सौम्य, मध्यम की तीव्र? मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण माणसं आंब्यासारखी डझनावारी पेटीत बसत नाहीत.

त्या बायकोचं वागणं ‘बॉर्डरलाइन’ नावाच्या ठेवणीशी जुळतं, अर्थात एका रात्रीवरून निदान होत नाही. या ठेवणीत टाकून दिलं जाण्याची भीती फार खोल असते. न उचललेला फोन तिला ‘तो कामात आहे’ असा ऐकूच येत नाही, ‘तो गेला’ असाच ऐकू येतो. भावना झटकन उसळते आणि ओसरायला वेळ घेते. नवऱ्याचा अबोलाही निरुपद्रवी नाही. एकाने पाठलाग करायचा आणि दुसऱ्याने कवाड लावून घ्यायचं, हे चक्र संशोधकांनी साध्यासुध्या जोडप्यांतही पाहिलंय. विकार असला की ते वेगाने फिरतं. पुरुषांचीही हीच गत होते, फक्त त्यांना ‘तापट’ म्हणून सोडून दिलं जातं. संशयी ठेवणीचा माणूस बायकोचा मोबाइल तपासत बसतो, आत्ममग्न माणसाला साधी सूचनाही अपमान वाटते.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण गोळ्यांपुरती खरी आहे. बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. सोबतचं नैराश्य किंवा झोपेची तक्रार यांवर औषधं देतात. उपचार मात्र आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी स्वीकार आणि बदल यांची सांगड घालणारी पद्धत उभारली. १९९१मध्ये तिची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपण स्वतःच इस्पितळात होतो, स्वतःला इजा करत होतो, हे त्यांनी २०११मध्ये जाहीर सांगितलं. संशोधक मेरी झनारिनी यांच्या गटाने बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा १० वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दहातल्या नवांहून अधिक जणांची लक्षणं निदानाच्या रेषेखाली उतरून किमान दोन वर्षं तिथेच राहिली होती. नोकरी आणि नाती सावरायला मात्र जास्त वेळ लागतो.

लिनेहान यांच्या पद्धतीतली एक युक्ती आपल्याकडे फुकट मिळते : उसळी आली की श्वास रोखून चेहरा थंडगार पाण्यात धरायचा. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर आपोआप नाडी मंद करतं, तीच ही प्रतिक्रिया. (हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) जोडप्याला एकत्र बसवून समुपदेशक आणखी एक गोष्ट शिकवतो. ‘फोन लागेना तेव्हा घाबरलीस ना?’ एवढं विचारलं म्हणजे सव्वीस फोन बरोबर ठरत नाहीत, पण तिची भीती कुणीतरी ऐकलेली असते. घरात मारहाण असेल तर आधी सुरक्षितता. दोघांना शेजारी बसवणं तेव्हा धोक्याचं ठरू शकतं. आणि विहिरीची धमकी ‘नाटक’ म्हणून कधीही उडवून लावू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. रत्नागिरीत १८८६पासून मनोरुग्णालय आहे, पण आपण त्या गावाचं नाव टोमण्यासाठी वापरतो आणि आधी देवाला गाऱ्हाणं घालायला जातो.

प्रकरण सोडचिठ्ठीपर्यंत गेलं की विकाराचं नाव हत्यार होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण सोबत राहण्याची अपेक्षाच करता येणार नाही इतका तो गंभीर असावा लागतो. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, असं स्पष्ट केलं. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कोर्टात सादर झालेल्या आजाराच्या पुराव्याला दुसऱ्या बाजूने हरकत घेतली, तर कोर्टाने तो त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे तपासायला पाठवायचा असतो. मोबाइलवर सोडवलेल्या वीस प्रश्नांच्या चाचणीचा तिथे उपयोग नाही.

वेगळं होण्याचा काळ हा टाकून दिलं जाण्याच्या भीतीला सर्वांत जास्त डिवचणारा असतो. तारखेच्या आदल्या रात्री फोन वाढतात ते त्यामुळे. मूल असेल तर बोलणं कायमचं तुटतही नाही. अशा वेळी बोलण्याऐवजी लिहिलेलं बरं : मुलाला कोण, कधी, कुठल्या एसटीने नेणार, तेवढंच. आणि लिहिलेलं रात्रभर ठेवून सकाळी धाडायचं.