इसलेन्यो आणि त्यांची देसिमा

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लीन्सच्या आग्नेयेला असलेल्या सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये (येथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) राहणारा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या स्पेनच्या कॅनरी बेटांवरून आलेल्यांच्या वंशजांचा समाज म्हणजे इसलेन्यो. लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना ब्रिटिशांना तोंड देण्यासाठी सैनिक हवे होते आणि वस्तीही वाढवायची होती. त्यासाठी १७७८ ते १७८३ दरम्यान गव्हर्नर बर्नार्दो दे गाल्वेझ यांच्या कारकिर्दीत त्या बेटांवरून सुमारे २,००० माणसे बायकामुलांसह येथे आणली गेली. पुढे दलदलीच्या आडोशाने कोळंबी व खेकडे धरून, सापळे लावून जगणाऱ्या या लोकांची स्पॅनिश बोली विसाव्या शतकापर्यंत घरोघरी टिकली. १९२१च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि ही बोली मुलांच्या तोंडून जाऊ लागली.

या समाजाचा इतिहास कागदांपेक्षा देसिमांत अधिक सापडतो. देसिमा म्हणजे वाद्याविना गायचे कथागीत. स्पॅनिश साहित्यातील देसिमा दहा ओळींची असते. येथील गायकांनी ते बंधन पाळले नाही. वादळे, थंडीतले कष्ट, फसलेली शिकार, शेजाऱ्यांच्या खोड्या, सारे तिच्यात येते. डेलाक्रवा आयलंड या कोळीवस्तीतले इर्व्हान पेरेझ (१९२३–२००८) हे तिचे सर्वांत मोठे गायक. वडिलांकडून मिळालेल्या देसिमा ते गात आणि त्यांतील माणसे, जागा व प्रसंग ऐकणाऱ्याला उलगडून सांगत. स्थानिक इतिहासकार आणि शिक्षक या दोन्ही पदव्या त्यांना शोभतात. शिकारीसाठी लागणारी लाकडी बदके कोरण्यातही त्यांचा हात धरणारे थोडेच. १९९१मध्ये त्यांना लोककलांसाठीची राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप मिळाली. भाषाअभ्यासक सॅम्युएल आर्मिस्टेड यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यापासून येथे येऊन गाणी, म्हणी व कोडी ध्वनिमुद्रित केली. पेरेझ यांच्यासारख्या जाणत्यांनी मन मोकळे केले नसते, तर आर्मिस्टेड यांच्या हाती फारसे लागले नसते.

इसलेन्योंचा वारसा जपणारी संस्था १९७६मध्ये निघाली, पुढे संग्रहालयही झाले. २००५च्या कॅटरिना वादळाने त्या वास्तूंची मोठी हानी केली. वस्तीही विखुरली, आणि बोली जाणणारी वृद्ध माणसे दूरदूरच्या गावांत पांगली. हे नुकसान इमारतींपेक्षा कितीतरी मोठे. वास्तू दुरुस्त झाल्या असून तेथे वार्षिक उत्सव भरतो. पेरेझ, नुन्येझ, मेलेरीन, एस्तोपिनाल ही आडनावे परिसरात आजही आढळतात, आणि भाज्या, शेंगा व खारवलेले डुकराचे मांस घालून केलेले काल्दो हे घट्ट सूपही घरोघरी शिजते.