दुधारी रेझर आणि ओली दाढी

दाढी पाण्याने भिजवून, साबणाचा फेस लावून, पात्याने करायची पद्धत म्हणजे ओली दाढी. विजेच्या यंत्राने होते ती कोरडी. ओल्या दाढीचे सगळे मर्म पात्याच्या कोनात आहे. पाते गालाशी साधारण ३० अंशांचा कोन करून टेकले तर केस कापला जातो. त्याहून फार उभे धरले तर कातडी खरवडते, आणि अगदी आडवे पडले तर नुसते खुंटांवरून घसरते. हा कोन हाताने सांभाळायचा की हत्याराने, या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांतून वस्तरा, धारेपुढे आड असलेला सेफ्टी रेझर आणि पाती कायमची बसवलेले, तसेच्या तसे बदलायचे कार्ट्रिज ही तीन साधने निपजली.

वस्तऱ्यात कोन पूर्णपणे मनगटाच्या हवाली असतो. त्याची पाठ जाड आणि धार पातळ. दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि धारेचा कोन आपोआप जमतो. म्हणजे धार लावताना कोन वस्तराच सांभाळतो, दाढी करताना मात्र माणसाने सांभाळायचा. दगडानंतर चामड्याचा पट्टा. त्यावर वस्तरा पाठीच्या दिशेने ओढायचा, धारेच्या दिशेने ओढला तर पट्टाच कापला जातो. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन ही वस्तऱ्यांची नावाजलेली गावे. शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करायला सुरुवात केली, त्यावर तिथला धंदा भरभराटला.

महाराष्ट्रात वस्तरा हे नाभिकाचे हत्यार. कातर, नराणी, चिमटा, वाटी, आरसा यांच्याबरोबर तो धोकटीत असे. दाढी स्वतः करायची गोष्ट नव्हती, करवून घ्यायची होती. हत्यार संपूर्णपणे कारागिराच्या हाती असण्याला एक वेगळाच अर्थ १८९० साली आला. मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, आणि त्यामागे सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले.

कोनाचा काही भार हत्यारावर टाकण्याचे प्रयत्न युरोपात अठराव्या शतकापासून चालू होते. पॅरिसचा कारागीर झां-झाक पेरे याने वस्तऱ्याच्या धारेला लाकडी आड बसवली. १८४७ मध्ये विल्यम हेन्सन याने मूठ पात्याशी काटकोनात लावून कुदळीसारखा रेझर केला. आजच्या रेझरची धरण्याची पद्धत तिथून आली. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कँपफे बंधूंनी ‘स्टार’ हा जाळीदार आड असलेला रेझर काढला. या रेझरांचे पाते मात्र वस्तऱ्याचाच तुकडा होता: जाड, घडीव, वेळोवेळी पट्ट्यावर ओढावा लागणारा.

ती कटकट किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याने संपवली. पातळ पत्र्याचे, धार गेली की टाकून द्यायचे पाते ही कल्पना त्याला १८९५ मध्ये सुचली. इतका पातळ पत्रा कठीण करताना वाकडातिकडा होत असे. तो सपाट ठेवण्याची युक्ती आणि यंत्रे विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवली. १९०३ मध्ये या दुधारी, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेल्या पात्याच्या रेझरची विक्री सुरू झाली, त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंटही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. रेझर स्वस्तात वाटून पात्यांवर पैसा करण्याची युक्ती जिलेटच्या नावावर सर्रास खपवली जाते, ती सुरुवातीच्या काळाला लागू नाही. त्याचा रेझर पाच डॉलरचा, चांगला महाग होता. तो स्वस्त झाला १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर, कारण तेव्हा कोणीही तसा रेझर करू लागले.

हातात घेऊन पाहावे असे पाते आहे. सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जाडीला जेमतेम एक दशांश मिलिमीटर. मोकळे असताना ते लवते. रेझरच्या टोपीखाली दाबले की कमानीसारखे वाकते आणि त्या बाकामुळेच ताठ होते. पूर्वीची पाती साध्या पोलादाची असत, ओली राहिली की गंजत. अनेक घरांत ती काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगावर घासून आणखी काही दिवस चालवली जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने गंजरोधक पोलादाचे, धारेवर पॉलिमरचा लेप दिलेले पाते आणले आणि जिलेटलाही त्याच्यामागे जावे लागले. पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण, तरी धार जाते कशी, याचे चांगले उत्तर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी दिले: धार सावकाश झिजते असे नाही, तर केस वाकून कडेने भिडतो तेव्हा पोलादाच्या रचनेतल्या कच्च्या जागी तिचे बारीक टवके उडतात. दाढीपूर्वी केस भिजवायचा तो एवढ्यासाठीच. पाणी प्यायलेला केस मऊ पडतो.

जुने रेझर आजही वापरात आहेत, कारण ते बहुतेक पितळेचे, वर निकेलचा मुलामा दिलेले. तीन सुट्या भागांचा ‘टेक’, मुठीचे बूड फिरवले की टोपीचे दोन दरवाजे उघडणारा ‘सुपर स्पीड’, आणि १ ते ९ आकड्यांनी पात्याची फट कमीजास्त करता येणारा, १९५८ मध्ये आलेला जाडजूड मुठीचा ‘फॅटबॉय’ हे जिलेटचे रेझर संग्राहक हटकून शोधतात. १९५० च्या दशकातल्या अमेरिकी रेझरांच्या डोक्याखाली एक अक्षर आणि एक अंक कोरलेला असतो. अक्षर वर्षाचे, अंक तिमाहीचा. जुना रेझर साबण, कोमट पाणी आणि टाकाऊ टूथब्रशने साफ करावा. चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावली तर मुलामा तेवढा निघतो आणि खाली पिवळे पितळ उरते.

नवे रेझर करणाऱ्यांत जर्मनीचे मर्कुर आणि म्यूले, शेफील्डचे एडविन जॅगर, जपानचे फेदर ही जाणकारांच्या तोंडी असलेली नावे. पुष्कळ नवे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आणि क्रोमचा मुलामा दिलेले असतात. मुलामा फुटला की पाणी आत शिरते, जस्त कुजते आणि एके दिवशी आटे मुठीतच तुटून राहतात. गंजरोधक पोलाद कातून केलेल्या रेझरला ही भीती नाही, पण किंमत बरीच जास्त.

प्रत्यक्ष दाढीत घाई चालत नाही. ब्रश भिजवून झटकायचा, साबणावर फिरवून फेस दह्यासारखा दाट करायचा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले. पहिला हात सुलटा, केसांच्या वाढीच्या दिशेने. पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात ज्याच्या कातडीला सोसेल त्यानेच मारावा. मानेवरचे केस कित्येकांचे खालून वर वाढतात, तिथे ‘वरून खाली’ हाच उलटा हात ठरतो आणि नवशिके नेमके तिथेच कापून घेतात. कातडी दुसऱ्या हाताने ताणायची आणि रेझर दाबायचा नाही, त्याचे वजन पुरते. कोन बरोबर असला तर बारीक खर्र असा आवाज येत राहतो. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी रक्त थांबवते, आणि कुठे जास्त दाब पडला तेही झोंबून सांगते.

१९७१ मध्ये जिलेटचे दोन पात्यांचे ‘ट्रॅक टू’ कार्ट्रिज आले आणि कोन संपूर्णपणे कारखान्यात ठरू लागला. पुढे पाती तीन झाली, पाच झाली. पहिले पाते केस ओढून धरते आणि मागचे तो कातडीच्या पातळीखाली कापते, हा त्याचा गुण. कुरळ्या दाढीत तोच केस आत वळून पुळी येते, हा दोष. भारतात अडचण निराळीच निघाली. जिलेटने भारतीय बाजारासाठी केलेला ‘व्हेक्टर’ अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता. त्यांच्याकडे वाहता नळ होता. इथे अनेक जण मगभर पाण्यात दाढी उरकतात, त्यात दोन पात्यांमधले केस निघेनात. दुधारी रेझर दोन्ही बाजूंनी उघडा, मगात हलवला की मोकळा. पुढे कंपनीने भारतीय घरांत बसून दाढी पाहिली आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा ‘गार्ड’ आणला: रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये.

दुधारी पाती भारतात स्वस्त आणि मुबलक राहिली ती कोलकात्याचे मल्होत्रा आणि ठाण्याचे विद्युत मेटॅलिक्स यांच्यासारख्या उत्पादकांमुळे. विद्युतची ‘सुपरमॅक्स’ पाती परदेशांतही गेली. विमानात मात्र ही पाती हातातल्या सामानात नेता येत नाहीत.

आपल्याकडच्या सलूनमध्ये या पात्याचा आणखी एक उपयोग आहे. एकच वस्तरा सर्वांना लावल्याने रक्तावाटे रोग पसरतात ही जाणीव वाढल्यावर दगड आणि पट्टा मागे पडले, आणि पाते बदलता येणारा वस्तरा आला. कारागीर दुधारी ब्लेड कागदासकट लांबीत वाकवून कट्कन मोडतो, अर्धे पाते वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो आणि उरलेले अर्धे कागदात गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकासाठी आरशाखालच्या फळीवर ठेवतो.