बोटावरचा काळा डाग बाटलीत नसतोच

मतदानाचा दिवस आला की दोन प्रकारची चित्रं हमखास फिरतात. एकात लोक डाव्या तर्जनीवरची जांभळी रेघ कॅमेऱ्यापुढे धरून हसत असतात. दुसऱ्यात कुणीतरी तीच रेघ पुसून दाखवत असतो. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, तेव्हा या दुसऱ्या प्रकाराला ऊत आला. शाई बाटलीतून न लावता मार्कर पेनाने लावली जात होती आणि ती नेलपॉलिश रिमूव्हरने निघते, असे आरोप झाले. राज्य निवडणूक आयोगाने ते फेटाळले. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. पण त्या गदारोळात ‘पेन काय, बाटली काय, पक्की शाई असली की झालं’ असं बरंच ऐकू आलं, आणि ते मात्र खरं नाही. बाटलीतल्या शाईची करामत वेगळीच आहे. बोटावर शेवटी जो काळपट डाग उरतो, तो बाटलीत नसतोच. तो आपल्या कातडीत तयार होतो, आपलाच घाम आणि बाहेरचं ऊन वापरून.

बाटलीत असतं सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा एक क्षार. नेमकी कृती गुप्त ठेवलेली आहे. ती विकसित केली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आणि १९६२ च्या निवडणुकीपासून शाई बनते म्हैसूरला, ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ या कर्नाटक सरकारच्या कंपनीत. कृष्णराज वाडियार (चौथे) यांनी १९३७ मध्ये हा कारखाना काढला, तो लाखेचा आणि रंगांचा. २०२४ च्या लोकसभेसाठी तिथून सुमारे साडेसव्वीस लाख बाटल्या निघाल्या. दहा मिलिलिटरची एक बाटली साधारण ७०० बोटांना पुरते.

जांभळा रंग आपल्याला दिसतो तो वेगळ्याच द्रव्याचा. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण जवळजवळ रंगहीन असतं, त्यामुळे शाई लागली की नाही हे केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला लगेच कळावं म्हणून तो रंग मिसळलेला असतो. साबणाने, स्पिरिटने तो बराचसा निघतो. ‘पुसली, पुसली’ म्हणणाऱ्या कित्येक चित्रफिती इथेच संपतात. कुणी पपईचा चीक लावतो, कुणी टूथपेस्ट, आणि जांभळा रंग फिकटला की लगेच विजयी मुद्रा. त्याच बोटाला तासभर उन्हात धरून पुढची चित्रफीत काढायला हवी.

आता मूळ रसायन. दहावीच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकलं की पांढरा अवक्षेप खाली बसतो, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. बोटावर हेच घडतं, कारण घामात मीठ असतं. सिल्व्हर नायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात २०० ग्रॅमहून जास्त विरघळतं. पण त्याचं सिल्व्हर क्लोराइड झालं की लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम. म्हणजे द्रावण त्वचेच्या बारीक चिरांत सहज मुरतं आणि आत जाऊन न विरघळणारं होऊन बसतं. शिवाय कातडीच्या नि नखाच्या केराटिन या प्रथिनात गंधक असतं, आणि चांदीला गंधकाची भारी ओढ. मेंदी जशी केराटिनला धरून बसते, तशीच ही चांदीही बसते.

इथपर्यंत डाग पांढराच आहे. काळा करतो तो प्रकाश. चांदीचे क्षार उष्णतेने नव्हे तर प्रकाशाने काळवंडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ योहान हाइनरिख शुल्झ यांनी १७१७ च्या सुमारास दाखवलं होतं. ‘का’ याचं नीट उत्तर यायला १९३८ उजाडलं. गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी ते दिलं, आणि माझ्या मते घनपदार्थांच्या भौतिकीतलं ते एक अत्यंत देखणं उत्तर आहे.

सिल्व्हर क्लोराइडच्या स्फटिकात चांदीचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेले अणू) आळीपाळीने बसलेले असतात. पुरेशा ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आला की क्लोराइडकडचा एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकात भटकू लागतो. स्फटिक कुठेच निर्दोष नसतो. अशा एखाद्या दोषाच्या जागी हा इलेक्ट्रॉन अडकतो आणि तिथे ऋण प्रभार तयार होतो. काही चांदीचे आयन आपली ठरलेली जागा सोडून स्फटिकाच्या फटींतून फिरत असतात. त्यातला एक या ऋण प्रभाराकडे ओढला जातो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा अणू बनतो. एकटा अणू फार टिकत नाही, इलेक्ट्रॉन पुन्हा निसटू शकतो. पण तेवढ्यात दुसरा फोटॉन, दुसरा इलेक्ट्रॉन, दुसरा आयन त्याच जागी आला, तर जोडी जमते. मग तिसरा, चौथा. असा पुंजका झाला की तो पुढच्या इलेक्ट्रॉनना आणखी जोरात अडकवतो, म्हणजे जिथे चांदी आहे तिथेच चांदी वाढत जाते. फोटोची जुनी फिल्म याच तत्त्वावर चालायची. फक्त तिथे प्रकाशाने मोजके अणू तयार होत आणि बाकीचं काम डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, करी. बोटाला डेव्हलपर लागत नाही, कारण त्याला दिवसभर प्रकाश मिळतो. यासाठी लागणारा फोटॉन मुख्यतः अतिनील आणि जांभळ्या टोकाचा, म्हणून उन्हात डाग झपाट्याने गडद होतो. शाईची बाटलीही याचसाठी प्रकाश आत न जाऊ देणारी लागते.

चांदी तर चकचकीत, मग डाग काळा कसा? कण फार छोटे असतात. काही नॅनोमीटरच्या कणात मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकत्र डुलतात आणि विशिष्ट तरंगलांबी शोषून घेतात. सुट्या गोल कणांत ती ४०० नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे असं द्रावण पिवळं दिसतं. कातडीतले कण वेडेवाकडे, लहानमोठे, एकमेकांना चिकटलेले. प्रत्येक जण वेगळा रंग गिळतो आणि बाहेर काहीच येत नाही.

हा डाग जातो तो फक्त एका कारणाने: आपण ज्या थरावर तो बसलेला आहे तो थर टाकून देतो. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि काही आठवड्यांत गळून जातो. चांदी त्याच्या खालच्या जिवंत थरात गेली तर? तेही घडतं. ‘चांदीचं पाणी’ प्रतिकारशक्ती वाढवतं म्हणून वर्षानुवर्षं पिणाऱ्या काही लोकांची कातडी कायमची निळसर करडी झालेली आहे. अर्जिरिया म्हणतात त्याला. तिथेही चांदीवर प्रकाशच काम करतो, म्हणून चेहरा आणि हात जास्त निळे होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशा द्रावणांच्या औषधी दाव्यांना आधार नाही असं जाहीर केलं. आपल्याकडे नॅनो शब्द लावून ती अजूनही विकली जातात.

या डागात ताकद येते ती चांदीमुळे. चांदी काढली तर उरतो नुसता देखावा. मलेशियात २०१३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा शाई वापरली आणि ती सहज धुतली जाते अशी बोंब उठली. नंतर एका मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यात रसायन नव्हतंच, खाण्याचा रंग होता. अफगाणिस्तानात २००४ मध्ये शाई पुसली जाते म्हणून बहुतेक विरोधी उमेदवारांनी मतदान चालू असतानाच बहिष्कार पुकारला. त्याच देशात २०१४ मध्ये हेरात प्रांतात तालिबानने ११ वृद्ध मतदारांची शाई लागलेली बोटं कापली. मतदान केल्याची खूण लपवता आली नाही, हाच त्यांचा गुन्हा.

आपल्याकडे हीच शाई एकदा अभिमानाऐवजी संशयाची खूण झाली होती. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागे गृहविलगीकरणाचा शिक्का मारला गेला, न पुसणाऱ्या शाईचा. असे शिक्के असलेले चार प्रवासी गरीबरथमध्ये सहप्रवाशांना दिसले आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवलं गेलं. त्याआधी २०१६ च्या नोटाबंदीत बँकांनी नोटा बदलणाऱ्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लावली, तेव्हा निवडणूक आयोगाने अर्थ मंत्रालयाला पत्र लिहून चिंता कळवली होती: निवडणुका तोंडावर आहेत, मतदारांच्या बोटांवर आधीच डाग नकोत.

नखावरचा डाग तर आणखी चिवट. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि डाग नखाच्या मुळाशी असेल तर टोकाला पोचून कापला जाईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. म्हणूनच फेरमतदानाची वेळ आली तर जुन्या रेघेशी घोळ नको म्हणून शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात.