तोंडाच्या कॅन्सरचे शेक, आणि पाच-दहा वर्षांनंतरचा जबडा

तोंडाच्या नाहीतर घशाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असतात तेव्हा सगळं घर पेशंटच्या मागे असतं, आणि शेवटचा शेक झाला की सगळे म्हणतात, सुटलो एकदाचे. तोंडातले फोड महिना-दोन महिन्यांत भरतात, मानेची काळी पडलेली कातडी जाऊन नवी येते, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे. पण रेडिएशनचे काही परिणाम मुळात सुरूच होतात नंतर, कुणाला सहा महिन्यांनी, कुणाला दोन वर्षांनी, कुणाला अगदी दहा वर्षांनी, आणि तोवर फाईल माळ्यावर गेलेली असते.

असं का होतं? डोस साधारण 60 ते 70 ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) असतो, रोज 2 ग्रे, आठवड्यातून 5 दिवस, म्हणजे सहा-सात आठवडे. रेडिएशन पेशीतला डीएनए तोडतं. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढणाऱ्या, त्या लगेच मरतात आणि तशाच लगेच नव्याही येतात. हाड, स्नायू, बारीक रक्तवाहिन्या यांचा कारभार निवांत असतो, म्हणून त्यांचं नुकसान उशिरा बाहेर येतं, रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात, रक्तपुरवठा घटतो, आणि शरीर दुरुस्तीच्या नावाखाली तंतूच तंतू विणत बसतं, मग मान लाकडासारखी कडक होते.

लाळेचं गणित जरा वेगळं आहे. लाळग्रंथींच्या पेशी फारशा वाढत नाहीत, तरी पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच त्यांचं काम ढासळतं आणि तोंड कोरडं पडतं, लाळ चिकट होते, भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली जात नाही. कानाजवळच्या ग्रंथीला सरासरी डोस 26 ग्रेच्या आत ठेवला तर ती बऱ्याच अंशी परत काम करू लागते, आणि आयएमआरटी नावाच्या तंत्राचा, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करून शेक देण्याचा, खरा फायदा हाच. ब्रिटनमध्ये 94 पेशंटवर झालेल्या पारस्पोर्ट ट्रायलचा निकाल 2011 मध्ये आला, वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत 74 टक्के लोकांना होता आणि आयएमआरटीत 38 टक्के. आपल्या टाटा मेमोरियलनेही 60 पेशंटवर अशीच तुलना केली, तिथेही लाळेच्या बाबतीत आयएमआरटीच सरस ठरलं. म्हणून शेक सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना "लाळग्रंथी वाचवता येतील का?" हे सरळ विचारावं, त्यात लाजायचं काय.

लाळ गेली की दात किडतात, आणि तेही झपाट्याने, हिरडीच्या कडेला. मग दुखतं म्हणून माणूस गल्लीतल्या डेंटिस्टकडे जातो, शेक घेतल्याचं सांगत नाही, दाढ काढली जाते, आणि जखम महिनोन्‌महिने भरतच नाही, कारण खालच्या जबड्याच्या हाडाला रक्तच पुरेसं पोचत नाही. हाड उघडं पडतं, कुजतं, कधी जबडा नुसता चावताना मोडतो. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात, आणि धोका काही वर्षांनी संपत नाही. पूर्वी दात काढण्याआधी ऑक्सिजनच्या प्रेशर चेंबरमध्ये बसवायची पद्धत होती, पण 2019 च्या होपॉन ट्रायलमध्ये चेंबरात बसलेल्या आणि न बसलेल्या दोन्ही गटांत हाड कुजण्याचं प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपासच निघालं, म्हणजे खर्च करून हाती काही नाही. त्यापेक्षा खराब दात शेकाच्या आधीच, शक्यतो दोन आठवडे आधी काढून घ्यावेत आणि नंतर फ्लोराइड जेल कायम चालू ठेवावं, हे स्वस्तही पडतं.

तोंड उघडण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्तच बिकट, कारण गुटखा-सुपारीने गाल आधीच आवळलेले असतात, त्यावर ऑपरेशन, त्यावर शेक. समोरच्या दातांमध्ये 35 मिलिमीटरपेक्षा कमी जागा राहिली तर त्याला ट्रिसमस धरतात. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, तो दिसायला पोरखेळ वाटतो म्हणून लोक सोडून देतात, आणि एकदा आखडलेला जबडा परत मोकळा करणं फार अवघड.

गिळण्याचंही तसंच, न वापरलेले स्नायू आणखी आखडतात, म्हणून अन्नाची नळी घातलेली असली तरी डॉक्टर परवानगी देतील तेवढं थोडंथोडं तोंडाने गिळत राहायचं. यात एक फसवी गोष्ट आहे, घशाची संवेदना गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागत नाही, आणि वारंवार न्यूमोनिया होतो तेव्हा कुठे कळतं.

आणि थायरॉइड. ती मानेतच असते, शेक तिलाही लागतो. वर्ष-दोन वर्षांनी थकवा येतो, थंडी सोसत नाही, घरचे म्हणतात कॅन्सरने खचलाय, आणि निघतं काय तर थायरॉइड मंदावलेलं, रोज एका गोळीचं काम. दर 6 ते 12 महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायची. मानेतल्या मोठ्या धमन्याही अरुंद होऊ शकतात, त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सांभाळायचं आणि तंबाखू-मिश्री पूर्ण बंद, कारण त्याच तोंडात दुसरा कॅन्सर झाला तर पुन्हा तेवढाच डोस द्यायला बहुतेक वेळा जागाच उरलेली नसते.