‘सी’च्या स्टँडर्डने मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागा

नाशिकला कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये असो की इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला, ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांना एक प्रश्न हमखास भेटतो: आयची किंमत 5 असेल, तर ++आय + ++आय किती (++ म्हणजे किंमत आधी एकाने वाढवून मग वापरणं)? टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (कंपायलर म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) हात बसलेले 14 सांगतात, दुसऱ्या एखाद्या कंपायलरवर 13 येतं आणि वाद पेटतो. स्टँडर्डच्या, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीच्या, लेखी या प्रश्नाला उत्तरच नाही. चार पर्याय छापून तो पेपरात का घालतात, देव जाणे.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली 1972च्या सुमारास. अमेरिकेच्या ‘अ‍ॅन्सी’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची समिती तिचं स्टँडर्ड लिहायला बसली 1983 साली. तोवर ‘सी’ नाना यंत्रांवर पोचली होती, आणि ऋण संख्या साठवण्याची रीतसुद्धा सगळ्या यंत्रांची एक नव्हती. एकाची रीत नियम केली असती, तर बाकीच्यांचे प्रोग्राम मंदावले असते. म्हणून 1989च्या स्टँडर्डने अशा जागांचे तीन प्रकार केले. काही ठिकाणी कंपायलरने स्वतः ठरवावं, पण मॅन्युअलमध्ये लिहावं. काही ठिकाणी लिहिण्याचंही बंधन नाही. तिसरा प्रकार ‘अनडिफाइन्ड’: तिथे काहीही झालं तरी कंपायलरला जाब विचारता येत नाही. वरचा प्रश्न यातला.

कंपायलर हुशार झाले तशी ही मोकळीक अंगाशी येऊ लागली. ‘अनडिफाइन्ड’ गोष्ट प्रोग्रामर करणारच नाही, असं ते धरून चालतात. 2009 साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) एका ड्रायव्हरमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला होता आणि तो नल, म्हणजे रिकामा, आहे का, हे नंतर तपासलं होतं. जीसीसी या कंपायलरने हिशेब केला: नल वापरणं ‘अनडिफाइन्ड’, वापरला त्याअर्थी नल नाही. तपासणीची ओळ त्याने उडवली आणि सुरक्षेला भगदाड पडलं.

जावा या भाषेने सुरुवातीलाच डावीकडून उजवीकडे हा क्रम बांधून दिला. तिथे उत्तर 6 + 7, म्हणजे 13च. ‘सी’ने जागा बुजवल्या, पण सावकाश. उणे 7 भागिले 2 याचं उत्तर 1989च्या नियमांत उणे 3 किंवा उणे 4, दोन्ही चालत. 1999 साली उणे 3 पक्कं झालं. ऋण संख्या साठवण्याची एकच रीत मान्य व्हायला ‘सी23’ हे नवं स्टँडर्ड उजाडावं लागलं. तरी चिन्हासह इंट (अधिक-उणे पूर्णांक) मर्यादेबाहेर ओसंडला की काय, हे आजही ‘अनडिफाइन्ड’च आहे. ते बांधून दिलं, तर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) वेगवान करण्याच्या काही युक्त्या हातच्या जातात, आणि त्या सोडायला कंपायलरवाले राजी नाहीत.