साधा फोन आरोग्यसेवेला पुरत नाही?

‘गावात इंटरनेट नाही, लोकांकडे स्मार्टफोन नाहीत, मग मोबाइलवरून कसली आरोग्यसेवा?’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

एसएमएसला इंटरनेट लागत नाही. फोन बंद असला किंवा रेंज गेली, तरी संदेश कंपनीच्या यंत्रणेत काही काळ थांबतो आणि फोन सुरू झाल्यावर पोहोचतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात नामिटेटे इथल्या सेंट गॅब्रिएल रुग्णालयाने २००८च्या सुमारास एवढ्यावरच काम उभं केलं: रुग्णालयात एक लॅपटॉप, गावोगावच्या आरोग्यसेवकांकडे साधे फोन. दक्षिण आफ्रिकेत २०१४ साली सुरू झालेल्या ‘मॉमकनेक्ट’ या मोबाइल आरोग्यसंदेश योजनेत गरोदर महिलांची नोंदणी साध्या फोनवर कोड डायल करून होत असे.

केनियातला प्रयोग तर मुद्दाम पाहण्यासारखा. एचआयव्हीच्या ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला ‘कसं चाललंय?’ एवढाच एसएमएस जायचा. ‘अडचण आहे’ असं उत्तर आलं, किंवा ४८ तासांत काहीच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले: संदेश मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांनी औषधं नीट घेतली, इतरांपैकी ५० टक्क्यांनी. माझ्या मते यात एसएमएसपेक्षा मागून येणारा तो फोन मोलाचा. नुसते संदेश धाडणाऱ्या योजना नेमक्या इथेच कमी पडतात.

अडचणी आहेतच. घरात एकच फोन असेल तर एचआयव्हीबद्दलचा संदेश भलत्याच्याच हाती पडू शकतो, म्हणून त्यात आजाराचं नाव न घालणंच बरं.