टँकरचं व्हेटिंग: अर्ज कोणी करायचा, काय काय लागतं आणि नकार नेमका कुठे येतो

‘जहाजाचं सायर पास झालंय, तरी तेल कंपनीने घेतलं नाही.’ टँकर चालवणाऱ्या लहान कंपन्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यातला ‘पास’ हा शब्दच चुकीचा आहे. सायर म्हणजे निरीक्षकाने जहाजावर जाऊन केलेली टँकरची तपासणी. तिच्यात पास-नापास नसतं, गुण नसतात, शेवटी हातात प्रमाणपत्रही पडत नाही. निरीक्षकाला जे दिसलं ते तो लिहितो आणि अहवाल ओसिम्फ या तेल कंपन्यांच्या सागरी संघटनेच्या डेटाबेसमध्ये जातो. तो वाचून जहाज घ्यायचं की नाही हे प्रत्येक कंपनीचा व्हेटिंग (जहाज पारखण्याचा) विभाग आपापल्या निकषांवर ठरवतो. तोही निर्णय एका फेरीपुरता: हा माल, ही बंदरं, या तारखा. गेल्या महिन्यात होकार दिलेली कंपनी या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून फाइल उघडते. त्यामुळे ब्रोकरच्या मेलमध्ये ‘अमक्या कंपनीने मान्य केलेलं जहाज’ असं लिहू नका. बऱ्याच कंपन्यांना ते मुळीच चालत नाही.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. १९६७ मध्ये टोरी कॅन्यन हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकांवर फुटला, १९७० मध्ये ओसिम्फ उभी राहिली आणि १९९३ मध्ये सायर सुरू झालं. व्हेटिंगवाल्यांच्या डोक्यात मात्र आजही एरिका बसलेलं आहे. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ या २४ वर्षांच्या टँकरचे दोन तुकडे झाले. जहाज टोटल कंपनीच्या मालकीचं नव्हतं, पण टोटलने त्याचं व्हेटिंग केलं होतं आणि ते निष्काळजीपणे केलं असा ठपका आला. २०१२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने टोटलची शिक्षा कायम केली. तेव्हा व्हेटिंगच्या टेबलावरचा माणूस शंका आली की ‘नको’ म्हणतो, यात नवल नाही. शंका येऊ न देणं हे काम अर्जदाराचं आहे.

अर्ज कोण करू शकतं

जहाजाचा टेक्निकल ऑपरेटर, म्हणजे आयएसएम या सुरक्षा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीखाली ज्याच्या नावावर डीओसी (कंपनीचं अनुपालन प्रमाणपत्र) आहे ती कंपनी. नुसती मालकी असून भागत नाही. ऑपरेटरने ओसिम्फकडे नोंदणी करायची, मग एखाद्या सदस्य तेल कंपनीला तपासणीची विनंती करायची. निरीक्षक ती कंपनी नेमते, खर्च तुम्ही भरायचा. निरीक्षकाला परस्पर फोन करून बोलावण्याची सोय नाही. सदस्य कंपनी विनंती नाकारू शकते, म्हणून ज्या कंपनीचा माल या फेरीत उतरवणार आहात तिलाच आधी विचारा. तिचा त्या जहाजाशी व्यवहार असतो, तिथे होकार लवकर मिळतो.

सगळ्यात जास्त अडकतो तो नवा ऑपरेटर. त्याला सुरुवातीला इंटरिम (तात्पुरतं) डीओसी मिळतं, जास्तीत जास्त १२ महिन्यांचं, आणि जहाजाला इंटरिम एसएमसी (जहाजाचं सुरक्षा व्यवस्थापन प्रमाणपत्र), ६ महिन्यांचं. अनेक तेल कंपन्या इंटरिम कागदांवरच्या जहाजाकडे बघतसुद्धा नाहीत. जुन्या ऑपरेटरच्या काळातला सायर अहवालही कामाला येत नाही, मॅनेजमेंट बदललं की बहुतेकांना नवी तपासणी लागते. इकडे बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून पहिलाच टँकर घेत असाल तर सुरुवातीची काही वर्षं तो मुरलेल्या मॅनेजरकडे द्या आणि तोवर स्वतःच्या ऑफिसची टीएमएसए तयार करा.

टीएमएसए म्हणजे ऑपरेटरने आपल्या कारभाराचं स्वतःच केलेलं मूल्यमापन. सध्याच्या आवृत्तीत १३ विभाग आहेत आणि प्रत्येकात १ ते ४ टप्पे. इथे फुगवून लिहायचा मोह होतो. सगळीकडे तिसरा-चौथा टप्पा भरला जातो, मग तेल कंपनी ऑफिसचं ऑडिट करायला येते आणि पुरावा मागते. दुसरा टप्पा प्रामाणिकपणे भरलेली कंपनी व्हेटिंगला चालू शकते, पण खोटा चौथा टप्पा एकदा पकडला गेला की तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

कागदपत्रं: नेहमीची आणि नडणारी

रजिस्ट्री, टनेज, लोडलाइन, सेफ मॅनिंग, क्लास सर्टिफिकेट हे सगळ्यांकडे असतं. क्लास, म्हणजे जहाजाची बांधणी आणि अवस्था तपासणाऱ्या संस्थेची मान्यता, आयएसीएस या अशा संस्थांच्या संघटनेच्या सदस्याचा हवा. पवईत मुख्यालय असलेली आपली आयआरएस (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग) सदस्य आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. क्लास स्टेटस रिपोर्ट मात्र त्याच आठवड्यात काढलेला द्या. त्यात एखादी कंडिशन ऑफ क्लास (मुदतीत दुरुस्ती करण्याची क्लासची अट) उघडी असेल तर ती लपत नाही. मुदत आणि दुरुस्तीचा बेत सोबत लिहून पाठवा.

आता नडणारे कागद. सीएलसी प्रमाणपत्र (तेलगळतीच्या भरपाईसाठी विमा असल्याचं) दरवर्षी फेब्रुवारीत रडवतं. २,००० टनांहून जास्त पर्सिस्टंट (कच्च्या तेलासारखं, लवकर उडून न जाणारं) तेल नेणाऱ्या टँकरला ते लागतं. पी अँड आय क्लबांचं (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थांचं) वर्ष २० फेब्रुवारीला संपतं. क्लब नवं ब्लू कार्ड वेळेत पाठवतो आणि ऑपरेटर तेच अपलोड करून मोकळा होतो. ब्लू कार्ड हा फक्त विम्याचा पुरावा आहे. प्रमाणपत्र देतं ते सरकार, भारतीय झेंड्याच्या जहाजाला डीजी शिपिंग. ब्लू कार्ड हातात असूनही २१ तारखेला जहाज कागदाविना उभं राहतं. क्लबकडे नूतनीकरणाचा तगादा जानेवारीतच लावा आणि सरकारी अर्ज ब्लू कार्ड आलं त्याच दिवशी करा.

दुसरी अडचण पुरवण्यांची. आयओपीपी (तेल प्रदूषण प्रतिबंध) प्रमाणपत्राला टँकरसाठी फॉर्म बी जोडलेला असतो, सेफ्टी इक्विपमेंटला फॉर्म ई. स्कॅन करताना पहिलं पान घेतलं जातं आणि पुरवणी राहून जाते. पुरवणीशिवाय ते प्रमाणपत्र अपुरंच. इतक्या क्षुल्लक कारणावरून फाइल परत येते की वाईट वाटतं.

तिसरी, चुकीची वाचलेली मुदत. डीओसीचं वार्षिक व्हेरिफिकेशन वर्षतारखेच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत चालतं. ही सवय डोक्यात बसलेली माणसं एसएमसीलाही तोच हिशेब लावतात. एसएमसीचं मधलं व्हेरिफिकेशन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षतारखेच्या मध्येच व्हायला हवं. ते आधी केलं तर चालत नाही, नंतर ‘तीन महिने आहेत ना’ असंही नाही.

आणि जवळपास कोणाकडेच धड नसलेला कागद म्हणजे मूरिंग (जहाज धक्क्याला बांधायच्या) दोरांची प्रमाणपत्रं. फाइलमध्ये दहा प्रमाणपत्रं असतात, डेकवर बारा दोर, आणि कुठला दोर कुठल्या ड्रमवर हे बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) लक्षात, कागदावर नाही. बोसन सुट्टीवर गेला की संपलं. प्रत्येक दोराला आणि टेलला (दोराच्या टोकाला जोडलेल्या लवचिक तुकड्याला) खूण, तीच खूण प्रमाणपत्रावर आणि लाइन मॅनेजमेंट प्लॅनमध्ये, शिवाय दोर कधी चढवला, कधी उलटा केला याची तारीख. एका दुपारचं काम आहे.

ऑफिसर मॅट्रिक्स

सर्वाधिक नकार इथून येतात. मॅट्रिक्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याचा तीन तऱ्हेचा अनुभव भरायचा: या ऑपरेटरकडे किती वर्षं, या हुद्द्यावर किती, या प्रकारच्या टँकरवर किती. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण सर्रास वापरात असलेलं माप २-३-६ चं आहे. कॅप्टन आणि चीफ ऑफिसर यांची मिळून ऑपरेटरकडे २ वर्षं, हुद्द्यावर ३, टँकरच्या त्या प्रकारावर ६. चीफ इंजिनिअर आणि सेकंड इंजिनिअरच्या जोडीलाही तेच. बेरीज दोघांची असते, त्यामुळे नवा कॅप्टन आला तर जुना चीफ ऑफिसर जहाजावर हवा. दोघांना एकाच बंदरात उतरवून तिकिटाचे पैसे वाचवले जातात आणि महिनाभराचा धंदा जातो. क्रू विभागाने बदल्या ठरवताना व्हेटिंग विभागाला विचारायलाच हवं. बऱ्याच ऑफिसात हे दोन विभाग शेजारी बसूनही बोलत नाहीत.

मॅट्रिक्स क्रू बदलला त्याच दिवशी सुधारा. निरीक्षक जहाजावर चढतो तेव्हा त्यातली नावं आणि समोरची माणसं एकच हवीत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंतची आपली कितीतरी मंडळी परदेशी झेंड्याच्या टँकरवर अधिकारी आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. भारतीय सीओसी (पात्रता प्रमाणपत्र) आणि डेंजरस कार्गो एन्डॉर्समेंट (टँकरवर कामाची मान्यता) असलं तरी त्या झेंड्याचं स्वतःचं एन्डॉर्समेंट लागतं. अर्ज केल्याच्या पावतीवर जास्तीत जास्त तीन महिने काम करता येतं. मूळ कागद येईपर्यंत एजंटवर विसंबू नका, तारीख स्वतः लिहून ठेवा.

तपासणीआधी आणि तपासणीच्या दिवशी

सप्टेंबर २०२४ पासून सायर २.० लागू आहे. पूर्वी सगळ्या जहाजांना साधारण एकच प्रश्नावली असायची, ती घोकून घेता यायची. आता एचव्हीपीक्यू (जहाजाच्या तपशिलांची प्रश्नावली), पीआयक्यू (तपासणीपूर्व प्रश्नावली), प्रमाणपत्रं आणि जहाजाचे फोटो आधी भरायचे, आणि त्यावरून त्या जहाजापुरते प्रश्न निवडले जातात. म्हणजे पीआयक्यूमध्ये तुम्ही चुकीचं लिहिलं तर चुकीचे प्रश्न येतात, आणि वर माहिती चुकीची दिल्याचं ऑब्झर्वेशन (निरीक्षकाने नोंदवलेली त्रुटी). ड्रायडॉकमधून निघताना काढलेले चकचकीत फोटो दोन वर्षं वापरू नका. निरीक्षक फोटो आणि प्रत्यक्ष जागा ताडून बघतो आणि जुळत नसेल तर तसं नोंदवतो.

तपासणी बहुधा डिस्चार्ज चालू असताना होते, आठ-दहा तास लागतात. यंत्र, कार्यपद्धती आणि माणूस अशा तिन्ही अंगांनी बघतात. माणूस म्हणजे फक्त कॅप्टन नव्हे. पंपमनला ‘हे कसं बंद करशील, दाखव’ असं सांगितलं जातं. त्याने पाठ केलेलं वाक्य म्हणून उपयोग नाही, हात योग्य व्हॉल्व्हवर गेला पाहिजे. चांगलं काम दिसलं तर तेही लिहिलं जातं, हे क्रूला सांगा, भीती कमी होते.

वारंवार सापडणाऱ्या तीन गोष्टी. विंचचा (दोर ओढणाऱ्या यंत्राचा) ब्रेक: शिप डिझाइन एमबीएलच्या (जहाजासाठी ठरलेल्या दोराच्या किमान तुटण्याच्या ताणाच्या) ६० टक्क्यांवर तो घसरायला हवा, म्हणजे एमबीएल ७० टन असेल तर ४२ टनांवर. चाचणी वर्षातून एकदा आणि ब्रेकचं काम केल्यावर लगेच. आकडा बरोबर असून दोर ड्रमवर उलट्या बाजूने गुंडाळलेला सापडतो, आणि तसा गुंडाळला की ब्रेकची पकड निम्म्यापर्यंत उतरते. ड्रमवर बाण रंगवा. दुसरं, गॅस मीटर: मीटर कॅलिब्रेट केलेला, पण ज्या सिलिंडरने केला त्या स्पॅन गॅसची (मीटर ताडून बघायच्या ठराविक वायूची) मुदत उलटलेली. तिसरं, विश्रांतीचे तास. कोणत्याही २४ तासांत १० आणि ७ दिवसांत ७७ हा नियम पाळल्याचं तक्त्यात दिसतं, पण त्याच वेळी कार्गो लॉगमध्ये चीफ ऑफिसरची सही टँक बदलल्याची असते. निरीक्षक दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचतो. इथे तक्ता ‘दुरुस्त’ करू नका. तास मोडले असतील तर मोडले असं लिहा, कारण लिहा, भरपाईची विश्रांती कधी दिली ते लिहा. मोडलेला नियम समजून घेतला जातो, बनावट तक्त्याला माफी नाही.

चौदा दिवस

अहवाल मिळाल्यापासून ऑपरेटरला उत्तरासाठी १४ दिवस असतात. शनिवार-रविवार, गणपती, दिवाळी सगळं धरून. उत्तर नाही दिलं तर अहवाल तसाच बाकीच्या कंपन्यांना दिसू लागतो. ‘क्रूला समज देण्यात आली’ हे उत्तर नव्हे. तात्काळ कारण, मूळ कारण, काय दुरुस्त केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे चारही हवं. स्पॅन गॅसचंच घ्या: नवा सिलिंडर मागवला ही दुरुस्ती झाली. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मेंटेनन्स सिस्टिममध्ये आपोआप सूचना येईल अशी नोंद घातली, हा बदल झाला. व्हेटिंगवाला शोधत असतो तो हाच.

मुदतीचा आणखी एक गोंधळ इथे होतो. अहवाल सदस्य कंपन्यांना १२ महिने दिसतो, म्हणून तो १२ महिने चालतो असं समजलं जातं. बहुतेक कंपन्या ६ महिन्यांहून जुन्या अहवालावर जहाज घेत नाहीत. चौथा महिना संपताच पुढच्या तपासणीची विनंती टाका, कारण बंदर, दिवसाउजेड आणि निरीक्षक या तिघांची गाठ पडायला वेळ लागतो.

जहाज १५ किंवा २० वर्षांचं झालं की बऱ्याच कंपन्या कॅप रेटिंगही (जहाजाच्या अवस्थेच्या मूल्यमापनाची श्रेणी) मागतात, निदान २. रेटिंग १ ते ४ असतं आणि १ सर्वांत चांगलं. कॅपची तीन वर्षं सर्व्हे पूर्ण झाला त्या तारखेपासून मोजली जातात. कागद दोन महिन्यांनी छापून आला म्हणून दोन महिने वाढत नाहीत.

नकार आला तर

कारण सांगायला कंपनी बांधील नाही, तरी लेखी विचारा. बरेचदा एका ओळीत मिळतं: मॅट्रिक्स, उघडं ऑब्झर्वेशन, जुना अहवाल. कधी व्हेटिंग ठीक असतं आणि नकार टर्मिनलचा असतो. मुंबईचं जवाहर द्वीप काय किंवा गुजरातचं वाडीनार काय, धक्क्याच्या किंवा एसपीएमच्या (समुद्रातल्या बोयाच्या) मापात जहाज बसतं का हे वेगळं बघितलं जातं, आणि क्यू८८ (भाडेव्यवहारात वापरायचा जहाजाच्या माहितीचा तक्ता) मध्ये बो (जहाजाचं पुढचं टोक) ते मॅनिफोल्डचं (पाइप जोडायच्या जागेचं) अंतर एक आणि एचव्हीपीक्यूमध्ये दुसरं असेल तर तिथेच गाडी अडते. दोन्ही कागद जहाजाच्या जनरल अरेंजमेंट ड्रॉइंगवरून नव्याने ताडून घ्या, जुन्या फाइलवरून उतरवून नको.

ऑब्झर्वेशन मिटवल्याचे फोटो आणि सर्व्हिस रिपोर्ट त्या एका कंपनीला मेल करून थांबू नका. सायरमध्ये पहिल्या उत्तरानंतर पुढचं उत्तरही घालता येतं. तिथे घाला, कारण पुढच्या फेरीला वेगळी कंपनी तोच अहवाल उघडणार आहे.